सांभाळलेले मूल दत्तक जाते तेव्हा

मूल सांभाळायला घेणे आणि मूल दत्तक घेणे या कायद्याने वेगळ्या गोष्टी आहेत. सांभाळणारे कुटुंब मुलाला काही काळ घर देते. दत्तक घेणारे कुटुंब त्याला नाव, वारसा आणि कायमचे नाते देते. पहिल्या घरातून मूल दुसऱ्या घरात जाते तेव्हा नव्या घरी पेढे वाटले जातात, संस्थेच्या आणि शासनाच्या दृष्टीने एक काम मार्गी लागलेले असते. ज्या घरातून मूल गेले, तिथे काय घडते याची चर्चा मात्र फारशी होत नाही. समाधान, दुःख, मत्सर, सुटल्यासारखे वाटणे आणि तसे वाटल्याबद्दलची टोचणी, हे सारे तिथे एकाच आठवड्यात, कधी एकाच दिवशी अनुभवास येते.

या व्यवस्थेचा पाया बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ या कायद्यात आहे. तो १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आला. त्याच्या कलम ४४ नुसार बाल कल्याण समिती मुलाला त्याच्याशी रक्ताचे नाते नसलेल्या कुटुंबात ठेवू शकते. सरकारी कागदांत याला प्रतिपालकत्व म्हणतात, बोलताना सगळे ‘फॉस्टर केअर’ म्हणतात. मिशन वात्सल्य या केंद्रीय योजनेत अशा मुलामागे महिन्याला ४,००० रुपयांची तरतूद आहे. महाराष्ट्रातील बालसंगोपन योजना याहून वेगळी. २०२३ मध्ये तिचे अनुदान महिन्याला २,२५० रुपये झाले, पण तिचा लाभ घेणारी बहुतेक मुले एकट्या आईकडे, आजीकडे किंवा नातलगांकडेच राहतात. ती दत्तक जाणार नसतात. आणखी एका गोष्टीने गोंधळ होतो. दत्तक घेणाऱ्या आईवडिलांनी मुलाला घरी नेल्यापासून अंतिम आदेश येईपर्यंत जो काळ जातो, त्यालाही ‘दत्तकपूर्व फॉस्टर केअर’ असेच नाव आहे. त्या काळात मूल त्याच्या कायमच्या घरी पोहोचलेले असते. इथे विचार करायचा आहे तो त्याच्या आधीच्या घराचा.

हे आधीचे घर प्रत्येक वेळी कुटुंबच असते असे नाही. दत्तकासाठी ज्यांचा विचार चालू आहे अशा सहा वर्षांखालील मुलांना दीर्घकाळच्या प्रतिपालकत्वात ठेवायचे नाही, असे नियम सांगतात. त्यामुळे महाराष्ट्रात बहुतेक तान्ही बाळे विशेष दत्तक संस्थेच्या शिशुगृहात वाढतात. तिथे त्यांना न्हाऊ घालणारी, रात्री दूध पाजणारी, ताप आला की कडेवर घेऊन फेऱ्या मारणारी बाई म्हणजे मावशी. बाळ पहिल्यांदा हसते ते तिच्याकडे बघून. ते पालथे कधी पडले, त्याला मऊ भात चालतो की पेज, कोणत्या कुशीवर ते झोपते, हे तिला तोंडपाठ असते. मग एक दिवस नवे आईवडील येतात, सह्या होतात, फोटो निघतो, आणि त्या फोटोत मावशी बहुधा नसते. दुपारी तिच्या कडेवर दुसरे बाळ असते. प्रतिपालक आईच्या दुःखाबद्दल जे जे म्हणता येईल ते या मावशीलाही लागू आहे. फरक एवढाच की तिला पगार मिळतो म्हणून तिला दुःख होत नसेल, असे लोक सहज धरून चालतात.

मोठ्या मुलांची गोष्ट वेगळी आहे. सहा-सात वर्षांचे मूल कुटुंबात राहायला जाते. त्याच्या जन्मदात्यांचा शोध, नातलगांची चौकशी, समितीच्या तारखा यांत महिने जातात, कधी वर्षे. या काळात ते त्या घरचे होऊन जाते.

भंडारा जिल्ह्यात साकोली तालुक्यातील एकोडीसारख्या गावात असे मूल राहिले, तर ते केवळ एका जोडप्याकडे राहत नाही. धानाच्या पट्ट्यातले गाव. रोवणीच्या दिवसांत घरातली मोठी माणसे सकाळीच बांधीवर जातात आणि मूल आजीजवळ, शेजारच्या काकूजवळ, चुलत भावंडांत वाढते. अंगणवाडीच्या सेविकेला त्याचे वजन ठाऊक असते, शाळेतल्या गुरुजींना त्याचे अक्षर. बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठावर कोणाबरोबर जायचे आणि कोणाबरोबर नाही, हे त्याला घरच्यांनी बजावलेले असते. अशा ठिकाणी मुलाचे जाणे पाच-सहा घरांना जाणवते. पुढचे कितीतरी दिवस दुकानात, नळावर, पारावर एकच प्रश्न येतो : पोरगं कुठं गेलं? शहरातल्या सदनिकेत दार लावून रडता येते. गावात प्रत्येक विचारणाऱ्याला तीच हकीकत पुन्हा सांगावी लागते. पण गाव विचारते याचाच अर्थ गावाने ते मूल आपले मानले होते, आणि एकटेपणा कमी करायला एवढेही उपयोगी पडते.

मूल एक दिवस जाणार हे ठाऊक असूनही एवढा जीव का लावायचा, असे अनेकांना वाटते. नातलग तर स्पष्टच सांगतात, फार गुंतू नको. या सल्ल्याला शास्त्राचा आधार नाही. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात मांडले की लहान मुलाला एका ठरावीक माणसाचा सलग, ऊबदार सहवास मिळणे ही त्याच्या मनाच्या वाढीची गरज आहे. पुढे रुमानियात बुखारेस्ट शहरातील सहा अनाथालयांमधल्या १३६ मुलांवर जो दीर्घ अभ्यास झाला, त्यात चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून निम्मी मुले प्रतिपालक कुटुंबांत पाठवली गेली. त्या कुटुंबांना मुद्दाम सांगितले होते की मुलाला आपल्याच मुलासारखे वाढवा. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, बोलणे आणि माणसांशी जोडले जाणे संस्थेत राहिलेल्या मुलांपेक्षा सरस ठरले. त्यातही दोन वर्षांच्या आत घरी गेलेल्यांची प्रगती अधिक झाली. म्हणजे ज्या जिव्हाळ्याने निरोपाच्या वेळी प्रतिपालक आईचे काळीज तुटते, तोच जिव्हाळा मुलाला वाढवत असतो. दुःख टाळायचे म्हणून हातचे राखून प्रेम केले, तर मुलाला जे द्यायला घरात आणले होते तेच द्यायचे राहून जाते.

एकदा माया लावली की सुरू होतो तो वाट पाहण्याचा काळ. कायद्यात मुदती आहेत. अनाथ किंवा सोडून दिलेले मूल दोन वर्षांपर्यंतचे असेल तर दोन महिन्यांत, त्याहून मोठे असेल तर चार महिन्यांत ते दत्तकासाठी मोकळे आहे की नाही हे समितीने ठरवायचे असते. आईवडिलांनी स्वतःहून स्वाधीन केलेल्या मुलाबाबत त्यांना ६० दिवस फेरविचाराची मुभा असते. वर्तमानपत्रात मुलाच्या छायाचित्रासह निवेदन येते, पोलिसांचा अहवाल मागवला जातो. प्रत्येक तारखेला सांभाळणाऱ्यांचे मन दोन्हीकडे ओढ घेते. मुलाचे सख्खे कोणी सापडावे असे वाटते, आणि सापडू नये असेही वाटते. दत्तकाचा मार्ग मोकळा व्हावा असे वाटते, पण तो आदेश या महिन्यात नको, दिवाळीनंतर आला तर बरे, असेही वाटते. असे वाटणे लाजिरवाणे नाही. प्रशिक्षणात ही गोष्ट आधीच उघड बोलली गेली तर पुढे स्वतःला दोष देण्याचे प्रमाण कमी होते. पण प्रशिक्षणात भर असतो तो कागदपत्रांवर, लसीकरणावर आणि भेटींच्या नोंदींवर.

मग केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या संकेतस्थळावरून कुटुंब ठरते. देशात २०२४-२५ या वर्षात ४,५१५ मुले दत्तक गेली. यादीत थांबलेल्या दांपत्याला मुलाचा फोटो आणि वैद्यकीय अहवाल दिसतो, ४८ तासांत त्यांना निर्णय कळवायचा असतो. त्यांनी होकार दिला की गोष्टी वेगाने घडू लागतात. स्वीकृती झाल्यावर दहा दिवसांच्या आत मूल नव्या घरी जावे अशी अपेक्षा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनुसार, १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा अंतिम आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. वर्षानुवर्षे थांबलेल्या आईवडिलांना हा वेग दिलासा देणारा आहे. सांभाळणाऱ्यांना मात्र तो झेपत नाही. ज्या मुलाला बोलते करायला आठ महिने लागले, त्याचा निरोप आठ दिवसांत घ्यायचा असतो.

नवे आईवडील भेटायला येतात तो दिवस सगळ्यात अवघड जातो. चहा होतो, मुलाला पुढे बोलावले जाते. मूल पाहुण्यांनी आणलेल्या खेळण्याकडे धावले तर प्रतिपालक आईला बरे वाटते आणि त्याच क्षणी काहीतरी खुपते. ते तिच्या पदराआड लपले तर पाहुण्यांचा चेहरा पडतो, आणि तिला त्यांची कीव येते, अभिमानही वाटतो. त्यात परिस्थितीचा फरक असतो. दत्तक घेणारे पुण्या-मुंबईचे, शिकलेले, चारचाकीतून आलेले. सांभाळणारे दोन एकर धानावर पोट असलेले. पोराचे भले होईल हे तिला दिसत असते, म्हणून ती तक्रार करत नाही. पण भले होण्यासाठी आपल्यापासून लांब जावे लागते, ही बोच उरते. ‘तुम्ही खूप छान सांभाळलंत’ हे वाक्य नवी आई मनापासून बोलते. तरी ते ऐकताना आपले काम संपल्याचे सांगितले जात आहे असे तिला वाटू शकते.

निघायच्या आदल्या रात्री पिशवी भरली जाते. स्वेटर, दप्तर, शाळेतली वही, लसीकरणाचे कार्ड, औषधाची बाटली आणि ती कधी द्यायची याची चिठ्ठी. नवे कपडे वर ठेवले जातात. जुनी गोधडी द्यावी की नाही यावर घरात चर्चा होते, कारण ती विटलेली असते आणि पाहुणे काय म्हणतील याचा संकोच असतो. जाणकारांचे मत स्पष्ट आहे : गोधडी द्यावी, आणि न धुता द्यावी. ओळखीचा वास असलेली एक वस्तू सोबत असली तर मुलाला नव्या घरातली पहिली झोप लवकर लागते.

निरोपानंतरचे दुःख पोटच्या मुलाच्या विरहाहून हलके असेल असे बाहेरच्याला वाटते. घरातल्यांना तसे वाटत नाही. हात सवयीने चौथे ताट घेतात. शाळा सुटायच्या वेळेला नजर दाराकडे जाते. अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखांचा विचार मांडला, ज्यांना समाज दुःख म्हणून मान्यताच देत नाही. मृत्यू झाला तर दहावा-तेरावा असतो, लोक बसायला येतात, कामावर रजा मिळते. मूल दत्तक गेले तर ‘बरं झालं, पोराचं कल्याण झालं’ असे म्हणून लोक मोकळे होतात, आणि रडणारी बाई स्वार्थी ठरते. अभ्यासक पॉलीन बॉस यांनी या दुःखाची दुसरी बाजू दाखवली : माणूस हयात आहे, कुठेतरी हसतो-खेळतो आहे, पण आपल्या आयुष्यातून गेला आहे. अशा विरहाला शेवट नसतो, म्हणून मन त्याच्याशी जुळवून घ्यायला वेळ लावते.

मराठी माणसाला याच्या सगळ्यात जवळचा अनुभव लेकीच्या पाठवणीचा. ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या चौथ्या अंकात शकुंतलेला निरोप देताना कण्व व्याकुळ होतो, आणि तोही तिचा जन्मदाता नाही, सांभाळणारा पिता आहे. पण लेक दिवाळीला माहेरी येते, बाळंतपणाला येते. प्रतिपालकाला यातले काही मिळत नाही. मुलाला पुढे कधी पाहता येईल का, हे पूर्णपणे दुसऱ्याच्या मर्जीवर असते.

घरातल्या सख्ख्या मुलांकडे तर अजूनच दुर्लक्ष होते. ज्याच्याशी भांडून खिडकीची जागा मिळवायची, ज्याला सायकल शिकवली, तो भाऊ एका सकाळी गेला. मोठ्यांनी समजावले, त्याला त्याचे आईबाबा मिळाले. लहान मुलाच्या डोक्यात त्यातून भलताच प्रश्न उभा राहतो : खोडी केली तर मलाही पाठवतील का? काही मुले निरोपानंतर आईला सोडेनाशी होतात, काही अंथरूण ओले करू लागतात, काही नुसतीच गप्प होतात. त्यांना मूल यायच्या आधीच साध्या शब्दांत सांगायला हवे की पाहुणा म्हणून कोण येत आहे, किती काळासाठी, आणि घरचे मूल कुठेही जाणार नाही. निरोपाच्या दिवशी त्यांना शाळेत पाठवून मागे सगळे उरकणे हा मोठ्यांच्या सोयीचा मार्ग आहे. मुलांना त्याने फसवल्यासारखे वाटते.

आता ज्याच्यासाठी हे सगळे चालले आहे त्या मुलाचे काय? लंडनमध्ये जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या दांपत्याने साठच्या दशकाच्या अखेरीस काही लहान मुलांच्या आईपासूनच्या थोड्या दिवसांच्या विरहाचे चित्रीकरण केले. त्यांपैकी चार मुलांना त्यांनी स्वतःच्या घरी सांभाळले. मुलांची रोजची सवय आधी समजून घेतली, त्यांच्या आईचे फोटो जवळ ठेवले, तिच्याबद्दल बोलत राहिले. ही मुले अस्वस्थ झाली, पण सावरली. आणि घरी परतल्यावर त्यांतल्या धाकट्या मुलींना जॉइस यांना सोडणेही जड गेले. पाचवा होता सतरा महिन्यांचा जॉन. तो नऊ दिवस एका शिशुगृहात राहिला. तिथल्या परिचारिका चांगल्या होत्या, पण पाळीप्रमाणे बदलत होत्या. तो एकेकीला बिलगायला जाई, तेवढ्यात ती दुसऱ्या कामाला जाई. अखेर त्याने खाणे-खेळणे टाकले आणि आई न्यायला आली तेव्हा तिच्याकडे पाठ फिरवली. आपल्याकडच्या शिशुगृहांत एका बाळाला शक्यतो एकच मावशी का असावी, याचे उत्तर या चित्रफितीत आहे.

ब्रिटनमध्ये सोफी बॉसवेल आणि लिन कडमोर यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. प्रतिपालक घरातून दत्तक घरी गेलेल्या लहान मुलांबद्दल मोठी माणसे सांगत होती की मूल छान रुळले. प्रत्यक्षात मुलाचा शांतपणा हा पुष्कळदा धक्क्याने आलेला गप्पपणा होता. सांभाळणाऱ्या आईचे दुःख, नव्या आईची धास्ती आणि कार्यकर्तीची घाई या तिन्हींमुळे मुलाचे दुःख पाहायला कोणाला सवडच नव्हती. रडणारे मूल सगळ्यांच्या लक्षात येते. शहाण्यासारखे वागणारे, मिळेल ते खाणारे, कोणाकडेही जाणारे मूल सुटून जाते.

नव्या आईवडिलांच्या भीतीचाही इथे विचार करावा लागतो. मुलाने जुन्या आईची आठवण काढली तर ते आपले कधी होणार, या काळजीने ते जुने नाव काढायचे टाळतात, फोन क्रमांक बदलतात, पोटचे अपत्यच आहे असे शेजाऱ्यांना सांगतात. आपल्याकडे दत्तक लपवण्याची सवय जुनी आहे, आणि प्रतिपालक कुटुंबाशी संबंध तोडण्यामागे तीही असते. अनुभव मात्र उलटा आहे. ज्या मुलाला एका माणसावर विश्वास ठेवता आला, त्याला दुसऱ्यावर ठेवणे सोपे जाते. पहिल्या घराबद्दल मोकळेपणे बोलता आले तर मुलाला नव्या घरात काही लपवावे लागत नाही.

म्हणून चांगल्या घरबदलाचा आराखडा भेटींनी बांधलेला असतो. पहिल्या भेटी मुलाच्या ओळखीच्या जागी, म्हणजे सांभाळणाऱ्यांच्या घरी. नवी आई आधी नुसती पाहते, मग सांभाळणाऱ्या आईच्या समोर भरवते, न्हाऊ घालते. मुलाला दिसते की आपल्या माणसाने या माणसाला परवानगी दिली आहे. मग नव्या घरी एक फेरी, एक मुक्काम, आणि शेवटी जाणे. ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या अभ्यासकांनी ब्रिटनमध्ये अशीच पद्धत मांडली आहे आणि त्यात मूल गेल्यानंतर थोड्याच दिवसांत प्रतिपालकांनी त्याला भेटायला जाण्यावर भर दिला आहे. मुलाला कळते की ते माणूस नाहीसे झालेले नाही, आणि त्याला टाकूनही दिलेले नाही. भंडाऱ्याहून पुण्याला असे जाणे खर्चाचे आणि लांबचे आहे, पण व्हिडिओ कॉलला खर्च नाही. आयुष्याची वही हाही एक सोपा उपाय : मूल कुठून आले, कोणाकडे राहिले, पहिला दात कधी पडला, गावाचे नाव काय, फोटो, शाळेतले चित्र. ही वही सांभाळणाऱ्यांनी लिहायची आणि मुलाबरोबर द्यायची. लिहिताना त्यांचेही मन मोकळे होते.

आम्हीच दत्तक घेतो, असे म्हणणारी प्रतिपालक कुटुंबेही असतात. मूल कायद्याने मोकळे असेल तर त्यांना ती वाट आहे. पूर्वी त्यासाठी मूल पाच वर्षे त्यांच्याकडे राहिलेले असावे लागे. २०२४ च्या आदर्श मार्गदर्शक तत्त्वांनी ही मुदत दोन वर्षांवर आणली आणि अविवाहित, विधवा, घटस्फोटित व्यक्तींनाही प्रतिपालक होण्याची मुभा दिली. हा बदल योग्य दिशेचा आहे. पण प्रत्येक घराला हे शक्य नसते. वय झालेले असते, स्वतःची मुले असतात, आयुष्यभराची जबाबदारी पेलेल अशी मिळकत नसते. अशा घरातल्या बाईला दुःखाबरोबर अपराधी वाटते : माझ्याकडे राहिला असता, मीच नाही म्हटले. समुपदेशकाने पहिल्या भेटीत याच प्रश्नाला हात घालावा, कारण तो ती स्वतःहून काढणार नाही.

दत्तक कुटुंबाच्या घरी दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी भेट देऊन अहवाल लिहायचा असतो. मुलाचे आणि त्याच्या नव्या घराचे ते अहवाल असतात. जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या कार्यकर्तीने त्याच सुमारास आधीच्या घरी एक निरोप पोहोचवला, मूल शाळेत जाते, त्याला कुत्रा आवडू लागला आहे, एवढे जरी सांगितले, तरी तिथे बराच फरक पडतो. पुढचे मूल कधी पाठवायचे हेही तिला त्या भेटीत ठरवता येते. अमेरिकेत अभ्यासक मेरी डोझिअर यांनी प्रतिपालक आयांशी बोलून पाहिले तेव्हा, आजवर जास्त मुले सांभाळलेल्या आयांची मुलाशी बांधिलकी सरासरीने कमी आढळली. निरोपांमागून निरोप आले की मन स्वतःला आवरू लागते, असा एक अर्थ त्यातून निघतो. म्हणून एका मुलाच्या जाण्यानंतर काही महिने घराला मोकळे ठेवणे गरजेचे असते. त्या काळात आजी गेलेल्या मुलाबद्दल बोलेल, घरची मुले त्याच्या खोड्या आठवून हसतील, आणि पुन्हा मूल घ्यायचे की नाही हे घरातली सगळी माणसे मिळून सांगू शकतील. काही घरे नाही म्हणतात, आणि त्यांचा तो नकारही समितीने मान ठेवून नोंदवायचा असतो.